पीएसए वाढलाय? बायोप्सीआधी एवढं बघा

पुण्यात साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या फुल बॉडी चेकअपमध्ये बहुधा पीएसए असतोच. हे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, ते वाढलं की प्रोस्टेट कॅन्सरची शंका घेतात. रिपोर्टात ४च्या वरचा आकडा ठळक छापून आला की घरात धावपळ सुरू होते. आधी त्या आकड्याची उलटतपासणी करा.

लघवीचा संसर्ग झाला असेल तर पीएसए चढतो. तो बरा झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त द्या. त्याआधी दोन दिवस शरीरसंबंध नको, सिंहगडापर्यंत सायकलही नको. फसवणूक उलटीही होते. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड सहा महिने चालू असेल तर आकडा साधारण निम्म्यावर येतो, म्हणजे रिपोर्टातले ३ प्रत्यक्षात ६ धरायचे. हे औषध बऱ्याचदा टॅमसुलोसिनसोबत एकाच गोळीत असतं आणि पेशंटला त्याचा पत्ताच नसतो. गोळ्यांची स्ट्रिपच डॉक्टरांसमोर ठेवा.

आकडा तरीही चढाच राहिला तर आधी एमआरआय, मग बायोप्सीची सुई. २०१८च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते. एमआरआय आधी केलेल्या गटात उपचारायोग्य कॅन्सर ३८ टक्क्यांना सापडला, थेट बायोप्सीच्या गटात २६ टक्क्यांना. शिवाय एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांची बायोप्सी टळली. क्रम उलटा झाला की सुईमुळे साकळलेलं रक्त एमआरआयवर गाठीसारखं दिसतं, मग काही आठवडे थांबणं आलं.

एमआरआयच्या रिपोर्टात पाय-रॅड्‌सचा, म्हणजे कॅन्सरचा संशय किती हे सांगणारा, १ ते ५ आकडा सगळे वाचतात. खाली लिहिलेलं प्रोस्टेटचं आकारमान मात्र कोणी बघत नाही. पीएसएला त्याने भागा. पीएसए ६ आणि प्रोस्टेट ६० मिली असेल तर ०.१०, तोच ६ आणि प्रोस्टेट ३० मिली असेल तर ०.२०. ०.१५च्या वर संशय बळावतो. आकडा एकच, पण दोघांची गोष्ट वेगळी.

बायोप्सी ठरलीच तर अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधल्या त्वचेतून करतात का, हे विचारा. गुदाशयातून सुई गेली की आतड्यातले जंतू सोबत जातात.

बायोप्सीत ग्लीसन ३+३, म्हणजे सगळ्यात सौम्य श्रेणीचा कॅन्सर, आला तर बहुतेकांना ऑपरेशनची घाई नसते. ठरावीक अंतराने पीएसए, एमआरआय, गरजेपुरती बायोप्सी. पीएसए शंभरीत आणि कंबर सतत दुखतेय, अशांनी मात्र यातलं काहीही वाचत बसू नये. सरळ युरोलॉजिस्ट गाठावा, आणि पायांतली ताकद जात असेल तर त्याच दिवशी.