इमारत तीच, काम नवे
जुनी इमारत टिकते ती केवळ भिंतींच्या मजबुतीमुळे नव्हे, तर तिला वेळोवेळी नवे काम मिळत गेल्यामुळे. पॅरिसचे ओर्से रेल्वे स्थानक १९०० साली सुरू झाले. पुढे गाड्यांची लांबी वाढली, फलाट आखूड पडू लागले आणि १९३९ मध्ये लांब पल्ल्याची वाहतूक तेथून हलली. एकेकाळी पाडण्याचे घाटत असलेली ही वास्तू १९८६ मध्ये कलासंग्रहालय झाली. रुळांच्या जागी आज शिल्पे उभी आहेत, भिंतीवरचे भव्य सोनेरी घड्याळ मात्र कायम आहे, आणि मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. जुन्या कामाची खूण पुसून टाकणाऱ्या बदलाला जतन म्हणणे मला पटत नाही. लंडनचे बँकसाइड वीजकेंद्र २००० साली टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचे संग्रहालय झाले, तेव्हाही टर्बाइनचे प्रचंड दालन मोकळेच ठेवले गेले.