बंद होता होता

फोंड्याच्या पावसात रात्री कौलांवरचा आवाज जरा थांबला की घरातले बारीकसारीक आवाज ऐकू येऊ लागतात. त्यातला एक माझ्या जुन्या लिनक्सवाल्या डेस्कटॉपचा. 'शट डाऊन' करून झालेलं असतं, काळ्या पडद्यावर 'सिस्टम हॉल्टेड' ही ओळ येऊन थबकलेली असते, आणि पंखा आपला घरघरतोच आहे.

आपली वीज आपणच तोडणं संगणकाला तसं उशिराच जमलं. पूर्वीच्या एटी पद्धतीच्या कॅबिनेटचं बटण दाबलं की वीज थेट तुटायची. म्हणून तर विंडोज ९५ आवराआवर करून नारिंगी अक्षरांत सांगायचं, आता खुशाल बंद करा. १९९५च्या सुमारास एटीएक्स ही कॅबिनेट-मदरबोर्डची नवी रचना आली आणि वीज तोडण्याचा हुकूम मदरबोर्डकडे गेला. पुढच्याच वर्षी एसीपीआय हे वीज सांभाळण्याचं मानक ठरलं. त्यानुसार आता लिनक्स सगळं मिटवून, डिस्क सोडवून 'एस-फाइव्ह' ही पूर्ण बंदची अवस्था मागतं. ती कशी मागायची, हे बायॉसने, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅमने, दिलेल्या तक्त्यांत लिहिलेलं असतं. तक्त्यातच घोळ असला तर बिचारं लिनक्स काय करणार?

म्हणून पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी पडद्यावरची ओळ वाचावी, असं माझं मत. 'स्टॉप जॉब' म्हणून सेकंद मोजत असेल तर एखादी सेवा अडून बसलेली असते. "येतो हां" म्हणून उठलेला पाहुणा सोप्यावर नव्याने गप्पा सुरू करतो, तशातली गत. सेवा चालू-बंद करणारं सिस्टमडी सहसा ९० सेकंद वाट बघतं आणि मग हाकलतं. आपल्या माणसांपेक्षा बरं! 'पॉवर डाऊन' उमटूनही पंखा फिरत असेल तर बायॉसकडे बघावं, नवी आवृत्ती मिळाली तर घालावी. बंद होऊन लगेच पुन्हा चालू होत असेल तर संशय वेक-ऑन-लॅनवर (नेटवर्कवरून मशीन जागं करण्याची सोय), नाहीतर यूएसबीवर.

माझ्याकडची ओळ होती 'सिस्टम हॉल्टेड'. 'हॉल्ट' ही आज्ञा दिली असती तर ती रास्तच; ती फक्त थांबवते, वीज तोडते 'पॉवरऑफ'. पण मी तर 'शट डाऊन'च केलं होतं. म्हणजे कर्नेलला, लिनक्सच्या गाभ्याला, वीज तोडायचा मार्गच सापडत नव्हता. लिनक्स सुरू करून देणाऱ्या ग्रबच्या फाइलीत बघितलं तर 'एसीपीआय इज इक्वल टू ऑफ'! इन्स्टॉल करताना मशीन अडकत होतं, म्हणून बसवून देणाऱ्याने कधीतरी घातलेलं, आणि तसंच राहिलेलं. ते काढलं, ग्रब अपडेट केलं, एकदा रीस्टार्ट केलं. आता बंद करताना टक् असा आवाज येतो आणि पंखा थांबतो.

आईला मात्र हा टक् पुरत नाही. "बंद जालो मरे?" विचारते, माऊसच्या पोटातला लाल दिवा दाखवते आणि गडगडाट सुरू झाला की भिंतीतला प्लगच उपटते. एटीएक्सचा पॉवर सप्लाय बंद असतानाही पाच व्होल्ट सोडत असतो, तेव्हा यात तिचंच खरं.