तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स द्या

तोंड आलं की माणूस दवाखान्यात येतो, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायचं जेल घेऊन जातो. बहुतेकांचं तोंड आठवड्या-दोन आठवड्यांत बरं होतं, गोळ्या न घेताही झालं असतं. घोळ उरलेल्यांचा असतो, त्यांच्यातल्या काहींना तोंडाचा कॅन्सर असू शकतो. तेही पुन्हा येतात आणि त्यांनाही पुन्हा त्याच गोळ्या मिळतात, फार तर जेलची कंपनी बदलते.

कॅन्सर लवकर सापडण्याबद्दल फॅमिली डॉक्टरांच्या पातळीवर जे संशोधन झालंय, त्यातलं बरंचसं इंग्लंडचं आहे. तिथल्या नाइस या, डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत एक रेषा आखली: एखाद्या लक्षणामागे कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात तीन असली, तरी तातडीने पुढे तज्ज्ञाकडे पाठवा. म्हणजे पाठवलेल्या शंभरांतले सत्त्याण्णव ‘काही नाही निघालं’ म्हणत परत आले तरी चालेल. आपल्याकडे तसे दोन पेशंट परत आले की डॉक्टरचं नाव खराब होतं, म्हणून हात आखडतो.

दुसरी अडचण नोंदींची. तिथे माणूस एकाच दवाखान्यात नोंदलेला असतो, त्यामुळे एकाच तक्रारीसाठीची तिसरी खेप कागदावर दिसते. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला कामगार आधी नाक्यावरच्या डॉक्टरकडे जातो, मग केमिस्टकडे, मग ईएसआयसीच्या दवाखान्यात, शेवटी दाताच्या डॉक्टरकडे. प्रत्येकाकडे त्याची ती पहिलीच खेप! म्हणून केसपेपरवर सगळ्यात वर दोन गोष्टी हव्यात: याआधी कुणाकुणाला दाखवलं आणि नक्की कधीपासून आहे. ‘किती दिवस झाले?’ विचारलं की ‘असतील आठ-दहा दिवस’ हेच उत्तर येतं. ‘गणपतीत तिखट झोंबत होतं का?’ असं विचारलं की महिने बाहेर पडतात.

व्यसनाचंही तसंच. ‘तंबाखू खाता का?’ला मशेरी लावणारी बाई सरळ ‘नाही’ म्हणते आणि तिच्या मते ते खरंच असतं. मशेरी, मावा, खैनी, गुटखा, नुसती सुपारी हे एकेक नाव घेऊन विचारायचं. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे, पण टपरीवर सुपारीची पुडी आणि तंबाखूची पुडी शेजारीशेजारी लटकलेल्या असतातच. नुसत्या सुपारीनेही तोंड आखडतं, हे अनेकांना माहीत नसतं. शेवटचा प्रश्न, तंबाखूची गोळी कुठल्या बाजूला ठेवता? एपीएमसीतला माथाडी कामगार बोटाने जागा दाखवतो. तपासणी तिथूनच सुरू करावी.

तोंड नीट बघायला तीन-चार मिनिटं लागतात. डोक्याला लावायचा टॉर्च, दोन लाकडी चमचे, ग्लोव्हज, गॉजचे तुकडे, एक छोटी मोजपट्टी, बस. मोबाइलचा टॉर्च नको, एक हात त्यातच अडकतो. कवळी असेल तर काढायला लावा. ओठ उलटे करून बघा. मग चमच्याने गाल बाहेर ओढून खालची हिरडी आणि गाल यांच्यामधली खाच बघा. आपल्याकडचा तोंडाचा कॅन्सर बऱ्याचदा इथलाच असतो, कारण तंबाखू तासन् तास इथेच बसते. ‘आ करा’ म्हणून घशात टॉर्च मारला तर ही खाच दिसतच नाही. पुढे शेवटच्या दाढेच्या मागची जागा. जीभ गॉजमध्ये धरून दोन्ही कडा मागपर्यंत बघायच्या, जिभेचं टोक टाळूला लावायला सांगून खालची बाजू, मग टाळू. शेवटी बोट फिरवून काही कडक लागतंय का ते आणि मानेतल्या गाठी.

पांढरा चट्टा दिसला तर गॉजने पुसून बघा. पुसला गेला तर बुरशी किंवा अन्नाचा थर. राहिला तर नोंद करून पुढे पाठवा. लाल मखमली चट्टा पांढऱ्यापेक्षा जास्त वाईट. तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजा, वरच्या पुढच्या दातांच्या कडेपासून खालच्या दातांच्या कडेपर्यंत. ३५ मि.मी.च्या खाली आलं तर आखडलेलं समजा. ‘कमी उघडतं’ असं लिहून उपयोग नाही. आकडा लिहिला, तरच पुढच्या वेळी फरक कळतो.

फसगत ठरलेल्या जागी होते. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून पेशंट आणि डॉक्टर दोघंही निवांत. टोकदार दाताने जखम झाली असं वाटलं तर दाताची धार घासून बोथट करून घ्या, पण दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. तरीही भरली नसेल तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी. हिरडीतल्या गाठीने हलायला लागलेला दात काढून टाकला जातो आणि खड्डा भरतच नाही, हाही नेहमीचा प्रकार. बायोप्सीने कॅन्सर पसरतो ही भीती घरोघरी आहे. ती निराधार आहे, आणि ते पेशंटसोबत आलेल्या भावाला किंवा दिरालाही सांगावं लागतं, कारण निर्णय बऱ्याचदा तोच घेतो.

नुसतं बघून काय होणार, असं वाटत असेल तर केरळचा अभ्यास आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या तेरा पंचायतींपैकी सातांत १९९६ पासून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडं तपासली. २००५ मध्ये निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी. व्यसन नसलेल्यांत तसा फायदा दिसला नाही. म्हणून वेळ कमी असेल तर तो आधी व्यसनवाल्यांना द्यावा.

मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर केलेलं काम तर आपल्या दाराशीच आहे. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयाचं तोंड व्हिनेगरसारख्या आम्लाने तपासलं आणि त्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्याच कामातल्या, हाताने केलेल्या स्तनांच्या तपासणीचा निकाल २०२१ मध्ये आला. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, त्याआधीच्या वयात तसं नाही. अर्थात गाठ लागतेय म्हणून कुणी आली तर वय बघत बसायचं नाही. गर्भाशयाच्या तोंडाला लावायचं आम्ल करताना ५ मि.ली. ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड ९५ मि.ली. डिस्टिल्ड वॉटरमध्ये, रोजचं रोज ताजं. लावल्यावर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबा, घाईत संशयास्पद भाग पांढरा उमटायच्या आतच ‘नॉर्मल’ लिहिलं जातं. पाळी गेलेल्या बाईत बघायची जागा आत सरकते, तिथे ही पद्धत फसते. तिच्यासाठी एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) टेस्ट बरी.

आता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. पावसाळ्यात सगळं ठाणे प्लेटलेट किती खाली गेल्या तेच बघतं, वर गेलेल्यांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. इंग्लंडमध्ये चाळिशीपुढच्या, प्लेटलेट चार लाखांच्या वर असलेल्या ४०,००० लोकांचा अभ्यास झाला. वर्षभरात ११.६ टक्के पुरुषांत आणि ६.२ टक्के बायकांत कॅन्सर निघाला. सहा महिन्यांत दुसऱ्यांदाही वाढलेल्या आल्या तर पुरुषांत हेच प्रमाण १८.१ टक्के. आपल्याकडे लोहाची कमतरता आणि टीबी यांनीही प्लेटलेट वाढतात, त्यामुळे हे टक्के जसेच्या तसे इथे लावता येत नाहीत. कारण शोधा, उपचार करा, सीबीसी पुन्हा करा. चाळिशीपुढच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन लोहाअभावी उतरलं असेल तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर ठेवू नका, रक्त कुठून जातंय ते शोधा.

खोकल्याचंही बघा. थुंकीत टीबीचे जंतू न सापडता एकेटी (टीबीची औषधं) सुरू झाली आणि वजन घटतच राहिलं, तर कोर्स संपायची वाट बघू नका. एक्स-रे चांगला आला म्हणूनही थांबू नका. लक्षणं असलेल्या फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये साधारण पाचांतला एक छातीच्या एक्स-रेत दिसत नाही. तिथे सीटी लागतो.

लॅबच्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमधल्या कॅन्सर मार्करवर (कॅन्सरच्या रक्ततपासण्यांवर) पैसे घालू नयेत. बीजाशयाच्या कॅन्सरसाठीचं सीए-१२५ पाळीतही वाढतं, पोटाच्या टीबीतही. दोन लाखांवर बायकांवर झालेल्या ब्रिटिश अभ्यासात, ही टेस्ट दरवर्षी करूनही बीजाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत.

पुढे पाठवताना चिठ्ठीत ‘तोंडात जखम, कृपया तपासावे’ एवढंच लिहून भागत नाही. जागा, आकार मि.मी.मध्ये, कधीपासून, व्यसन किती वर्षं, मानेत गाठ आहे की नाही, आतापर्यंत काय दिलं आणि ‘बायोप्सी करावी’ हे स्पष्ट लिहा. ऐरोली-रबाळ्याच्या माणसाला ठाणे-पनवेल लोकलने खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचंच केंद्र) गाठता येतं, परळच्या टाटालाच जायला हवं असं नाही. दोन फोन नंबर घ्या, एक घरातल्या बाईचा, पेशंट स्वतः टाळतो. वहीत चौदा दिवसांनंतरची तारीख टाका. त्या दिवशी फोन करून ‘कसं आहे?’ विचारू नका, ‘तुकडा काढला का आणि रिपोर्ट कुणाकडे आहे?’ असं विचारा. रिपोर्ट नॉर्मल आणि जखम तशीच असेल, तर तुकडा चुकीच्या जागेवरून, मधल्या सडलेल्या भागातून घेतलेला असू शकतो. कडेचा तुकडा घेऊन बायोप्सी पुन्हा करायला सांगा.