उसेरोच्या काठावर धुणं धुणारी बाई

एल बुर्गो दे ओस्माला मी एका धुणं धुणाऱ्या बाईसाठी गेले. तिचं नाव मला माहीत नाही. १९०० सालच्या मे महिन्यात ती इथे होती, एवढंच.

माद्रिदचे चार दिवस उत्तम गेले, त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी. पाचव्या दिवशी बसने सोरिया प्रांतातल्या या लहानशा गावात उतरले. थोरल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी खांबांचे ओटे, टोकाला कॅथीड्रलचा उंच मनोरा, आणि दुपारी दोन वाजता सगळं गाव बंद. पोट भरायला तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे मिळतात, तिथे त्याचं मोठं कौतुक आहे. मी बटाट्याचं ऑम्लेट खाल्लं.

संध्याकाळी गावाची माहिती सांगत फिरवणाऱ्यांच्या गटात सामील झाले. माहिती देणारा तरुण अगत्याने बोलत होता. उसेरो नदीजवळ आल्यावर म्हणाला, "थोर अभ्यासक रामोन मेनेंदेस पिदाल यांना इथे एक जुना रोमान्से, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं कथागीत, सापडला. त्यांच्या पत्नीही बरोबर होत्या." आणि आम्ही पुढे गेलो.

मला ते फार लागलं. या 'बरोबर असलेल्या' मारिया गोइरीसाठीच तर मी इतक्या लांब आले होते.

१८७३ सालचा तिचा जन्म. बाईला विद्यापीठात शिकायला खास परवानगी लागायची, त्या काळात ती माद्रिदच्या विद्यापीठात साहित्य शिकली. तिने व्हरांड्यात थांबायचं नाही, प्राध्यापकांबरोबरच वर्गात शिरायचं आणि त्यांच्याशेजारी वेगळं बसायचं, अशा अटी होत्या. तरीही १८९६ मध्ये ती पदवीधर झाली. आणि ही परवानगीची अट उठली १९१० मध्ये! त्याच्या आदल्याच वर्षी गोइरीने डॉक्टरेट मिळवली होती.

मे १९०० मध्ये तिचं पिदाल यांच्याशी लग्न झालं आणि दोघं मधुचंद्राला निघाली ती 'मिओ सिद' या जुन्या वीरकाव्याच्या नायकाच्या हद्दपारीच्या वाटेने. काव्यातली गावं, घाट, नद्या प्रत्यक्ष बघायच्या म्हणून. २८ मेच्या सूर्यग्रहणासाठी दोघं ओस्माला एक दिवस जास्त थांबली. तिथे एका धुणं धुणाऱ्या बाईला गोइरीने एक रोमान्से म्हणून दाखवला. बाई म्हणाली, हा मला येतो, असे आणखीही येतात. आणि ती म्हणू लागली.

त्यातल्या एका गीतात स्पेनभर बातमी पसरते की डॉन हुआन अंथरुणाला खिळलाय. वैद्य येतात, आणि शेवटी येणाऱ्या वैद्याचं नाव असतं दे ला पार्रा. गोइरीच्या कानांनी ते पकडलं. हा हुआन म्हणजे राणी इसाबेलचा एकुलता मुलगा, १४९७ मध्ये एकोणिसाव्या वर्षी सालामान्कात वारलेला युवराज. दे ला पार्रा नावाचा त्याचा वैद्य खरोखरच होता. छापील संग्रहांत हे गीत कुठेच नव्हतं. कास्तिल प्रांतात ही तोंडी परंपरा संपली, असं विद्वान धरून चालले होते, आणि इथे चारशे वर्षांपूर्वीचं दुःख एका बाईच्या तोंडी जिवंत होतं.

मला यात सगळ्यात मोठी वाटते ती गोइरीची रीत. आधी वही काढून प्रश्न विचारायचे नाहीत, आधी आपण म्हणून दाखवायचं. जात्यावरच्या ओव्या जमवणाऱ्यांना विचारा, एक ओवी आपण म्हटली की समोरून दहा येतात.

१९०४ मध्ये तिने या गीतावर लेख लिहिला. तोंडी परंपरेत कोणते रोमान्से शोधायला हवेत, याची यादी नमुन्यांसह छापली, म्हणजे गावोगावच्या लोकांना शोधता यावं. नवरा-बायकोने मिळून हजारो गीतांचा संग्रह उभा केला. माद्रिदमध्ये ज्या रस्त्यावर त्यांचं घर आहे, त्या रस्त्याला नाव मात्र पिदाल यांचं. त्यांची थोरवी मला मान्यच आहे. पण गीत ओळखणारी ती होती, हे ओस्मात तरी सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकटीच नदीवर गेले. उसेरो उथळ आहे, पाणी स्वच्छ, काठाला गावाची जुनी तटबंदी. बाकावर एक आजी बसल्या होत्या. पुण्यात तीन वर्षं शिकलेलं स्पॅनिश कामाला आलं. विचारलं, धुणं कुठे धुवायच्या बायका? त्यांनी काठीने खालचे दगड दाखवले. लहानपणी आईबरोबर त्याही यायच्या, हिवाळ्यात बोटं फुटून रक्त यायचं, म्हणाल्या. आईला रोमान्से येत होते का? मान हलवून म्हणाल्या, "थंडीत कोण गाणार, पोरी?"

मग त्यांनी माझ्या गळ्यातली ओढणी मागितली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं आपल्या हातात घेतलं. चादर अशी पिळायची, तू त्या बाजूला, मी या बाजूला. त्यांच्या हातांना अजून चांगला जोर होता. मी चुकून त्यांच्याच बाजूला पीळ दिला, तशी त्यांनी टोक सैल सोडलं आणि म्हणाल्या, "अशाने पाणी नाही निघायचं. पुन्हा कर."