सीडलेस द्राक्षाच्या पोटातलं बी

रविवारी भांडुपला घरी द्राक्षं मिठाच्या पाण्यात ठेवली होती आणि लेक ओट्याशी उभी राहून एकेक मणी उचलून खात होती. मधेच म्हणाली, बाबा यात बी नाही, मग झाड येतं कुठून? मी एक जाड मणी उभा चिरला आणि खिडकीशी नेऊन दाखवला. गराच्या मधोमध तिळाहून बारीक, मऊ, फिकट असं काहीतरी असतं, खाताना कळतच नाही, ते बीच. म्हणजे फळ धरतं, गर्भ तयार होतो, पण काही आठवड्यांत त्याची वाढ थांबते आणि टरफल कडक व्हायच्या आधीच तो जिरतो. झाड मात्र काडीवरून करतात, आपल्याकडे बहुतेक डॉगरीज नावाच्या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर कलम बांधून.

हे मला माहीत कारण मामाची निफाड तालुक्यात बाग आहे. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी झाली की पुढचे दोन महिने मामाला दुसरं काही सुचत नाही, पहाटे बॅटरी घेऊन बागेत जातो आणि पानं उलटी करकरून बघतो. वरून तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळट डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसली की डाऊनी, म्हणजे केवडा रोग आला. फुलोऱ्यात घडावर गेला तर तो घड हातचा गेलाच. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला, त्यानंतर मी गेलो होतो तेव्हा मामी तपकिरी पडलेले घड तोडून पाटीत टाकत होती, माझ्याकडे बघितलं पण एक शब्द बोलली नाही. ते अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून फवारणी. डाऊनीची वेगळी, भुरी या दुसऱ्या बुरशीची वेगळी, रात्री पाऊस येऊन धुऊन गेलं की सकाळी परत ट्रॅक्टरला ब्लोअर जोडायचा. औषध, डिझेल, मजुरी सगळं वर्षभराच्या कमाईतूनच जातं, बोर्डोतलं, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवाऱ्यातलं तांबं मातीत साठत राहतं, आणि ते धुकं मामाच्या छातीत जातं ते वेगळंच.

आता मूळ गोष्ट. आपण बाजारात तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन अशी नावं ऐकतो ना, ती सगळी थॉमसन सीडलेस या एकाच जातीतून निवडलेली आहेत. नावं वेगळी, रक्त एकच, त्यामुळे डाऊनीसमोर सगळी सारखीच हतबल. कारण ही बुरशी मूळची अमेरिकेची, युरोपात ती १८७० च्या दशकात पोचली, तोपर्यंत आपण खातो त्या द्राक्षाच्या कुळाची तिच्याशी गाठच पडली नव्हती. अमेरिकेतल्या जंगली वेली मात्र पिढ्यानपिढ्या तिच्यासोबत वाढल्या, त्यांना तिला रोखता येतं. मग करा क्रॉस, असं वाटतं. पण त्यातल्या लाब्रुस्का द्राक्षाला जांभळ्या ग्रेप गोळीसारखा वास असतो, साल गरापासून सुटते. म्हणून ताकद तेवढी ठेवून बाकीचं सगळं काढायला पुन्हा पुन्हा गोड द्राक्षाशी संकर करत राहायचा, आणि वेल फळावर यायलाच दोन-तीन वर्षं लागतात.

त्यात पुन्हा सीडलेस हवं. बी असलेली आई आणि सीडलेस बाप घेतला तर पोरांमध्ये सीडलेस थोडीच निघतात. दोघंही सीडलेस घेतले तर प्रमाण चांगलं येतं, पण आईच्या पोटात बी टिकत नाही! यावरचा उपाय मला फार आवडतो. गर्भ मरायच्या आत कोवळे मणी तोडायचे, ते तिळाएवढं बी चिमट्याने काढून काचेच्या नळीत पोषक जेलीवर ठेवायचं आणि गर्भाला तिथे वाढवायचं. अमेरिकेत १९८० च्या दशकात हे जमवलं. आता तर रोपाच्या एका पानावरून डीएनए तपासून सीडलेसचा आणि प्रतिकाराचा जीन आहे का हे आधीच बघता येतं, नाही तर पूर्वी पाच वर्षं पाणी घालून शेवटी उपटून टाकायला लागायचं.

एकाच जीनवर भिस्त ठेवून मात्र चालत नाही. युरोपात बिआंका नावाच्या जातीवर बुरशीने तिचा प्रतिकार मोडल्याचं २०१० मध्येच छापून आलंय. म्हणून दोन-तीन जीन एकत्र बसवायचे आणि तरीही मोक्याच्या वेळी दोन-चार फवारण्या ठेवायच्या. पण हंगामभरात दोन-चार म्हणजे मामासाठी केवढी सुटका आहे!

पुण्याच्या आघारकर संस्थेने कॅटावबा आणि ब्यूटी सीडलेसच्या संकरातून एआरआय-५१६ काढली, बुरशीला चांगली तोंड देते, पण ती मुख्यतः ज्यूसची. पुण्याजवळ मांजरी गावात द्राक्ष संशोधन केंद्र आहे. माझं म्हणणं एवढंच की खायच्या सीडलेससाठी असं काम सरकारी पैशातून, पंधरा-वीस वर्षं न थांबता चाललं पाहिजे, म्हणजे काडी लावताना मामाला जातीच्या मालकाला रॉयल्टी द्यायला नको.

आणि अशा नव्या जातीचा मणी वेगळा दिसला तर आपणही थोडं बदलायला हवं. दादरला, वाशीला लांब, हिरवा, काचेसारखा मणीच आधी उचलला जातो, गोल आणि जरा जाड सालीचा मागे राहतो. परवा मामा फोनवर म्हणाला, अरे तसली जात आम्ही लावू, पण तुमच्या मुंबईत खपेल का? मी सांगितलंय, गोल चालेल, जाड साल चालेल, पहिली पेटी भांडुपला पाठव.