हेड नवं, क्रँक जुनाच

रविवार, रात्री

टेबलावर फोर्ड मॉडेल ए या जुन्या मोटारीच्या इंजिनाचा उघडा ब्लॉक, शेजारी ओव्हरहेड व्हॉल्व्हचं हेड. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या बाजूला असतात; या हेडने ते पिस्टनच्या वर न्यायचे आहेत. नजर हेडवरच जाते, पण निर्णय खाली क्रँककडे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याकडे, बघून घ्यायचा असतो. तीन मेन बेअरिंग, त्यांत ओतलेलं बॅबिट (मऊ मिश्रधातू), क्रँकला तोल सांभाळणारे काउंटरवेट नाहीत, कनेक्टिंग रॉडना तेल मिळतं ते ट्रेमधून उडेल तेवढंच. 3.3 लिटरमधून 2200 आरपीएमला 40 हॉर्सपॉवर, एवढ्यासाठी हे बेतलेलं आहे. म्हणून हे काम करायचं ते इंजिनाला मोकळा श्वास मिळावा म्हणून, कॉम्प्रेशन चढवण्याच्या हौसेपायी नाही.

मूळ कॉम्प्रेशन 4.22, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण तेवढ्या पटीने दाबलं जातं. मी 6 च्या वर जाऊ नये म्हणेन. हिशेब सोपा आहे: एका सिलिंडरचं आकारमान 821 सीसी. 6 हवं असेल तर पिस्टन वर असताना एकूण 164 सीसी जागा उरली पाहिजे. दाबल्यावर 1.5 मिमी राहणारं गॅस्केट त्यातले 11-12 सीसी खातं. बाकीचं ब्युरेटने तेल सोडून मोजायचं, आणि चारही चेंबर वेगवेगळे मोजायचे. जुन्या ओतीव हेडवर डोळे झाकून विश्वास टाकू नये.

जुने व्हॉल्व्ह आणि गाइड (व्हॉल्व्हचा दांडा सरकतो ती नळी) निघाले की त्यांच्याच भोकांतून पुशरॉड, म्हणजे कॅमशाफ्टची ढकल वर पोचवणाऱ्या काड्या, वर जातात. इथे बरेच जण फसतात. ब्लॉकच्या बाजूची जुनी इनटेक-एक्झॉस्ट तोंडं आता रिकामी असतात आणि रॉकरचं (पुशरॉडच्या ढकलीने व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेचं) तेल त्याच वाटेने खाली उतरतं. त्या तोंडांवर प्लेट आणि गॅस्केट नीट बसवलं नाही, तर तेल थेट बाहेर. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मूळचाच ठेवला तर पुढून मागे क्रम एक्झॉस्ट, इनटेक, इनटेक, एक्झॉस्ट आणि पुन्हा तसाच. हेडमधले व्हॉल्व्ह या क्रमाशी जुळतात का, ते कॅमशाफ्टचा एकेक लोब (उंचवटा) फिरवून बघायचं.

रॉकरची भूमिती हा माझ्या मते या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करची शाई लावा आणि क्रँक हाताने दोनदा पूर्ण फिरवा. शाई पुसून उमटलेला पट्टा अरुंद आणि मधोमध हवा. कडेला गेला असेल तर गाइड एका बाजूने झिजणार. शाफ्टवरचे रॉकर असतील तर पुशरॉडची लांबी बदलून हे सुटत नाही. शाफ्ट धरणाऱ्या स्टँडखाली पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालावे लागतात किंवा स्टँड घासावा लागतो. पुशरॉडची लांबी त्यानंतर ठरवायची, अॅडजस्टिंग स्क्रूचे आटे दोन्हीकडे शिल्लक राहतील अशी. मग व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही ना हे बघायला पिस्टनवर प्लॅस्टिसिनची (मऊ मातीची) गोळी ठेवून पुन्हा दोन फेरे. गोळी ब्लेडने कापली की सगळ्यात पातळ जागी इनटेकखाली निदान 2 मिमी आणि एक्झॉस्टखाली 2.5 मिमी हवं.

रॉकरला तेल द्यायचं ते बारीक नळीने, साधारण 1 मिमीचा जेट (तेल रोखणारं बारीक भोक) घालून. मॉडेल ए मध्ये पंप तेल व्हॉल्व्ह चेंबरमध्ये चढवतो आणि तिथून ते आपल्या वजनाने मेन बेअरिंगकडे उतरतं. वर जास्त पळवलं की खाली उपास. इनटेक गाइडला सील लावा, नाहीतर व्हॅक्यूम तेल ओढतो आणि निळा धूर निघतो.

आपल्याकडच्या जीपवाल्यांना या वाटेचा अर्धा टप्पा ठाऊक आहे. विलीजने 1950 मध्ये हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर नेला, एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच ठेवला. महिंद्राच्या जीपमधून तेच इंजिन आपल्याकडे फिरलं. त्याच्या हेडचा एक बोल्ट कार्ब्युरेटरखाली, इनटेकच्या तोंडात दडलेला असतो. तो विसरून हेड उचकटलं की हेड तरी वाकतं नाहीतर तुटतं.

पुन्हा मॉडेल ए. मूळ हेडचे 14 स्टड 55 फूट-पाउंडवर आवळतात, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. नव्या हेडसाठी बनवणाऱ्याचा आकडा घ्यायचा. इंजिन गरम होऊन पूर्ण गार झालं की तो पुन्हा तपासायचा. आणि स्टीअरिंगजवळचा स्पार्कचा दांडा! नवं चेंबर आटोपशीर, त्यात ज्योत लवकर पसरते, त्यामुळे पूर्वीइतका अॅडव्हान्स (ठिणगी आधी पाडणं) लागत नाही. सवयीने दांडा पूर्ण खाली ओढला की आधी ठोके ऐकू येतात, मग बॅबिटला तडे जातात.