"मलाही चाळीसच दिसतंय"

"आधी सांग, दिलंस का?" इन्चार्ज सिस्टरनी विचारलं.

सकाळची इन्शुलिनची वेळ. नवी मुलगी सिरिंज हातात धरून उभी. ४० युनिट भरलेलं, ऑर्डर ४ची. चारपुढचं इंग्रजी 'यू' घाईत वरून मिटलं होतं, अगदी शून्यासारखं. भरल्यावर तिलाच शंका आली, म्हणून थांबली.

"नाही दिलं, सिस्टर."

मला वाटलं, आता सगळ्यांसमोर हजेरी घेणार. (मी अशी बोलणी खाल्लीयत. खरं सांगायचं तर पुढे ऐकवलीही आहेत.)

इन्चार्ज सिस्टरनी फाइल उजेडात नेली, चष्मा वर सारला आणि म्हणाल्या, "मलाही चाळीसच दिसतंय गं."

बस, एवढंच. मग डॉक्टरांकडून ऑर्डर नव्याने लिहून घेतली, 'युनिट' अख्खा शब्द. आणि झाल्या प्रकाराचा रिपोर्ट भरताना तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना. एमी एडमंडसन या संशोधिकेचा १९९६चा एक अभ्यास आठवला. ज्या वॉर्डांत नेतृत्व चांगलं, तिथे औषधांच्या चुका कमी नाही, जास्त नोंदलेल्या सापडल्या. चुका जास्त होत होत्या म्हणून नव्हे. तिथे त्या बोलून दाखवता येत होत्या, असं त्यांचं म्हणणं.

दुपारी तीच मुलगी दुसऱ्या एका फाइलवर बोट ठेवून विचारायला आली, "सिस्टर, हे काय लिहिलंय?"

मी दोन पावलांवर होते. ती मला ओलांडून त्यांच्याकडे गेली.